जिम असेल तुझा बाप

अहो, तुमच्या अंत्यविधीला रॉन आला होता. काठी टेकत आला आणि थेट पहिल्या रांगेत, घरच्या माणसांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसला. त्याचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याने जन्मात कधी तुमचं नाव घेतलं नाही, मग मी त्याचं का घ्यावं? टीव्हीवरच्या तुमच्या मालिकेत तो रॉन होता, माझ्या लेखी तो रॉनच राहील.

तुम्ही गेल्यापासून जो तो मला विचारतो, आता जरा शांत वाटतंय का? नाही वाटत. मला राग आलाय. एवढं वय झालं तरी माझा राग काही म्हातारा झालेला नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "जाऊ दे गं सुमन." आयुष्यभर तुम्ही जाऊ देत राहिलात आणि मी धरून ठेवत राहिले. असा आपला संसार झाला, आणि वाईट झाला नाही.

पडद्यावर तुम्हाला मरताना मी कितीदा पाहिलं! इथल्या इंग्रजी सिनेमांत आपल्या रंगाच्या माणसाला सुरुवातीलाच मारून टाकायची पद्धतच होती. कधी तुम्हाला वाघाने खाल्लं, कधी गोळी लागली, एकदा तर तुम्ही नुसतेच दारातून आत आलात आणि कोसळलात. मरायचं नसेल तेव्हा तुम्ही डॉक्टर असायचात. तो डॉक्टर खोलीतून बाहेर यायचा, "आय अ‍ॅम सॉरी" म्हणायचा आणि पुन्हा दिसायचा नाही. बस कंडक्टर झालात, दुकानदार झालात, गारुडी झालात, एकदा राजदूतही झालात. त्या राजदूताला धड दोन वाक्यं होती म्हणून तुम्ही आठवडाभर आरशासमोरून हलला नाहीत. इथे लंडनला, ईलिंगमध्ये भाजी घेताना लोक तुमच्याकडे बघून थबकायचे, आपण कुठे भेटलोय का, असं विचारायचे. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा आणि नाव एकालाही माहीत नाही. तुम्ही गंभीरपणे सांगायचात, "मी तुमचा डॉक्टर." ते थँक यू म्हणून निघून जायचे आणि तुम्ही भोपळा निवडायला लागायचात.

तुमच्या सगळ्या संवादांची समोरची बाजू मी वाचायचे. जेवणाच्या टेबलावर मी तुमचा खुनी झाले, रोगी झाले, पोलीस इन्स्पेक्टर झाले. माझ्या इंग्रजीला तुम्ही हसलात की मी मुद्दाम आणखी वाईट वाचायचे. ते दिवस तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. आता बोलते: फार सुखाचे होते.

खरं मरण मात्र तुम्ही घाईने उरकलंत. चहाचा कप खाली ठेवलात, "साखर कमी आहे" म्हणालात आणि मान टाकलीत. इतक्या मरणांची तालीम करून शेवटचं वाक्य हे? मला त्याचाही राग आहे.

पण लोकांच्या लक्षात तुम्ही राहिलात ते मिस्टर खान म्हणून. त्या विनोदी मालिकेतला, रॉनच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारा भाडेकरू. नाव खान, डोक्यावर फेटा, कपाळावर टिळा आणि गळ्यात रुद्राक्षाची माळ. लिहिणाऱ्याला आपल्याकडचं जे जे आठवलं ते सगळं त्याने तुमच्या अंगावर चढवलं. पहिल्या दिवशी डायरेक्टर म्हणाला, दारातून आत ये, हात जोड आणि तुझ्या भाषेत हॅलो म्हण. तुम्ही आत आलात, हात जोडलेत आणि म्हणालात, "जय भीम."

दुसरं काय म्हणणार होतात? गोदीत ओझी उचलणाऱ्या सोनू तांब्यांचे तुम्ही पुत्र, आंबेडकरी जलशात वाढलेले. ढोलकीच्या साथीवर नकला कशा करायच्या, गावच्या खोताला त्याच्याच अंगणात कसा हसवायचा आणि हसता हसता कसा झोडायचा, हे तुम्ही मिसरूड फुटायच्या आधी शिकलात. तुमच्याकडे माणूस दारात आला की जय भीम, फोन उचलला की जय भीम. पण रॉनला ऐकू आलं, "हाय जिम." कॅमेरा चालूच होता. "जिम? हू इज जिम? आय अ‍ॅम रॉन!" असं तो ओरडला आणि स्टुडिओत बसलेले प्रेक्षक पोट धरधरून हसले. झालं! पुढची सगळी वर्षं तेच. दर भागात तुम्ही आत यायचं, हात जोडायचे, जय भीम म्हणायचं, त्याने कपाळावर हात मारून ओरडायचं आणि अख्ख्या देशाने हसायचं. मग बाहेर जाताना तुम्ही आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटायचं. स्क्रिप्टमध्ये तिथे एकच शब्द असायचा, जिबरिश. म्हणजे अर्थ नसलेली बडबड.

पहिला भाग टीव्हीवर लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कौन्सिलच्या ऑफिसात माझा साहेब मला "हाय जिम!" म्हणायला लागला. आपल्या लेकीला, प्रज्ञाला, शाळेत पोरं घेरायची आणि हात जोडून "हाय जिम, हाय जिम" करत नाचायची. ज्या दोन शब्दांसाठी आपल्या आधीच्या माणसांनी मार खाल्ला, त्या शब्दांवर इथे घरोघरी हशा पिकत होता. त्या रविवारचं आपलं भांडण आठवतं? मी म्हणाले, "नमस्ते म्हणा, हॅलो म्हणा, काहीही म्हणा, पण जय भीमची थट्टा होऊ देऊ नका." तुम्ही कांदा चिरत होतात. मान वर न करता म्हणालात, "थट्टा माझ्या शब्दाची होत नाहीये, त्याच्या कानाची होतेय. कळेल कधीतरी."

"कुणाला कळेल? तुम्हाला कणाच नाही," मी म्हणाले.

"जाऊ दे."

ती मालिका मी कधी पाहिलीच नाही. एकही भाग नाही. ती लागायची वेळ झाली की मी टीव्ही बंद करून मागच्या बागेत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचे, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. शेजारची बाई मला वेडी समजायची. खानचे संवाद मी तुमच्याबरोबर कधी वाचले नाहीत, आणि तुम्हीही कधी वाच म्हटलं नाहीत. त्याची तालीम तुम्ही बाथरूमचं दार लावून एकटेच करायचात. मला वाटायचं, लाज वाटते म्हणून दार लावतात.

गंमत म्हणजे इंग्रजांना जिम ऐकू आलं तरी आपल्या मराठी लोकांना बरोबर ऐकू आलं. तोवर इथल्या मराठी मंडळात सगळे "तांबे म्हणजे कुठले तांबे?" असं घोळवून घोळवून विचारायचे. हे आडनाव सगळ्याच जातींत, त्यामुळे त्यांचा अंदाज बसत नव्हता. टीव्हीवर ते दोन शब्द ऐकले आणि बसला. त्यापुढचं पुटपुटणं ऐकायची कुणाला गरज वाटली नाही. त्या वर्षी गणपतीतल्या नाटकात तुमची भूमिका दुसऱ्याकडे गेली. तालमीची जागा बदलल्याचं तुम्हाला कळवायला म्हणे विसरले. तेव्हाचे ते अध्यक्षही अंत्यविधीला आले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, आपल्या मराठी माणसाने इंग्लंड गाजवलं हो!"

"मराठी म्हणजे कुठले मराठी?" मी विचारलं.

त्यांनी हात सोडला आणि प्रज्ञाच्या नवऱ्याशी पार्किंगबद्दल बोलायला लागले.

आणि मग रॉन बोलायला उठला. त्रिशरण-पंचशील नुकतंच संपलं होतं, हवेत अगरबत्तीचा वास होता. "लव्हली चॅप," तो म्हणाला. "कधी तक्रार नाही, कधी त्रास नाही. इतकी वर्षं मला जिम म्हणायचा, बिचाऱ्याला माझं नाव शेवटपर्यंत जमलं नाही! आणि ती बडबड! तिथल्या तिथे रचायचा. नुसते आवाज हो, टोटल जिबरिश. पण काय हसायचो आम्ही!" मग तुमच्या शवपेटीकडे वळून त्याने हात जोडले आणि म्हणाला, "बाय, जिम."

लोक हसले. तुमच्या मयताला लोक हसले. मी उठले होते, पण आपल्या ताराने, आपल्या नातीने, माझं मनगट धरून मला खाली बसवलं. बसले. पण बसता बसता मनाशी म्हणाले, या माणसाला मी सोडणार नाही. कसं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

वाट ताराने दाखवली. ती मेडनहेडला ज्या कंपनीत काम करते ती कंपनी जुन्या कार्यक्रमांना सबटायटल्स देते, खाली अक्षरं येतात ना, ती. पुढच्या आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन ईलिंगला आली. तुमची मालिका आता ऑनलाइन येणार आहे आणि ती नेमकी तिच्याच कंपनीकडे आली आहे.

"आजी, मशीननी सगळीकडे हाय जिम लिहिला," ती म्हणाली. "अँड द मम्बलिंग, तिथे फॉरेन लँग्वेज टाकला. पण ही आजोबाची आवाज आहे ना? आजोबा काय बोलते?"

तिचं मराठी तुम्ही कधी सुधारलं नाहीत. बोलतेय हेच खूप, म्हणायचात. आता मीही सुधारत नाही.

"काही नाही, बडबड आहे," मी म्हणाले. "रॉनने सांगितलं ना."

"आजी, प्लीज. जस्ट वन्स. मला इथे काय तरी लिहायचा आहे."

म्हणून मी चष्मा चढवला आणि जी मालिका बघायची नाही अशी शपथ घेतली होती ती बघायला बसले. तुम्ही दारातून आत आलात. किती तरुण होतात! फेट्याखाली कान बाहेर आलेले. हात जोडून तुम्ही इतकं स्वच्छ जय भीम म्हणालात, की बहिऱ्यालाही कळावं. रॉन ओरडला, लोक हसले. मग त्याने तुम्हाला दाराकडे ढकललं, तुम्ही वळलात, आणि मान खाली घालून पुटपुटलात.

"जिम असेल तुझा बाप."

मी ताराला म्हणाले, परत लाव. तिने लावलं. परत तेच. मग पुढचा भाग लाव म्हणाले. त्यात रॉन तुमच्या तोंडापाशी तोंड आणून ओरडत होता, आणि जाताना तुम्ही म्हणालात, "आधी चूळ भरून ये, वास मारतोय." पुढच्यात: "आज परत वाक्य विसरलास ना? मी सांभाळून घेतलं म्हणून वाचलास." एकदा त्याने तुमच्या फेट्यावर टपली मारली. तुम्ही कमरेत वाकलात, हसलात आणि म्हणालात, "फेटा तुमच्या कपडेपटातला आहे, डोकं माझं आहे." आणि एकदा तर सरळ कॅमेऱ्याकडे बघून, "खान टिळा लावत नाहीत रे गाढवांनो, कुणाला तरी विचारा." प्रत्येक वेळी मागे प्रेक्षक खदाखदा हसत होते, आणि सगळ्यात मोठ्याने रॉन हसत होता.

मी इतकी हसले की ताराने उठून पाणी आणलं. नवऱ्याला जाऊन पंधरवडा नाही झाला आणि मी टेबलावर डोकं ठेवून हसत होते. खोताच्या अंगणातला जलसा तुम्ही लंडनच्या स्टुडिओत लावला होतात! फक्त समोर समजणारं कुणी नव्हतं. समजणारी एक होती, ती बाहेर कुंड्यांना पाणी घालत होती.

मग शेवटचा भाग आला. त्यात खान घर सोडून जातो. रॉन तुमची ट्रंक रस्त्यावर ठेवतो, आणि तुम्ही दारात थांबून पुटपुटायचं असतं. तुम्ही पुटपुटला नाहीत. ताठ उभे राहिलात आणि जलशातल्या आवाजात, सावकाश, म्हणालात, "माझं नाव पुंडलिक सोनू तांबे. माझा बाप गोदीत ओझी उचलायचा. मी खान नाही, मी डॉक्टर नाही, मी नट आहे. हे तुम्हाला आज कळत नाहीये, पण मी सांगून ठेवलंय." लोक हसले. तुम्ही ट्रंक उचललीत आणि गेलात.

ताराला सगळं कळलं नव्हतं, पण ती रडत होती. मी रडले नाही. मला तुमचा राग आला, इतका, की तुम्ही समोर असतात तर हातातला ग्लास फेकला असता. मी तुम्हाला बिनकण्याचे म्हणाले, ते तुम्ही ऐकून घेतलंत आणि गप्प राहिलात. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं तुम्हाला. जी गोष्ट तुम्ही साऱ्या देशाला, न समजणाऱ्या लोकांना, ओरडून सांगितलीत, ती स्वयंपाकघरात मला का नाही सांगितलीत? की मी एकदा तरी टीव्हीसमोर बसेन याची वाट बघत होतात? मग बसा वाट बघत! मीही कमी हट्टी नव्हते, तुम्हाला माहीत होतं. एकाने तरी नमायला हवं होतं. याचं उत्तर मला आता कोण देणार?

तर ते असो. पुढचं ऐका. ताराच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, मूळ स्क्रिप्टमध्ये जिबरिश आहे, तेच ठेवा, आणि जिमच्या जागी दुसरं काही लिहिलं तर जोकच मरेल. मी ताराला म्हणाले, लाव फोन.

"तुमचा नियम काय आहे?" मी त्या बाईंना विचारलं. "ज्यांना ऐकू येत नाही त्यांना, जे बोललं गेलं ते वाचता आलं पाहिजे. बरोबर?"

"येस, मिसेस तांबे, बट..."

"या माणसाचं बोलणं इतकी वर्षं तुमच्या देशात कुणालाच ऐकू आलं नाही. आता वाचू दे."

मग त्या म्हणाल्या, भाषा येणाऱ्या कुणीतरी तपासून द्यावं लागेल. मी म्हटलं, आत्ता तुमच्याशी बोलतेय तीच देईल. फोन ठेवल्यावर तारा म्हणाली, "आजी, यू आर स्केरी." मी थँक यू म्हणाले.

मग आम्ही दोघी कामाला बसलो. चूळ भरण्याला इंग्रजीत धड शब्द सापडेना, शेवटी "आधी तोंड धू" वर भागवलं. "असेल तुझा बाप" मधली खोच काही केल्या उतरेना. ताराने चार तऱ्हा करून बघितल्या, मग एकदम तिला सापडली आणि ती खुर्चीतच नाचली. जय भीम मात्र आम्ही जय भीमच ठेवलं. त्याचं भाषांतर करायचं नाही असं मी बजावलं. ज्याला कळायचं त्याने शोधून काढावं.

चॅनेलवाल्यांनी ईलिंगमधल्या एका हॉलमध्ये पहिला खेळ ठेवला. मालिकेचे जुने चाहते, चहा-बिस्किटं, आणि पाहुणा अर्थातच रॉन. मी निळी साडी नेसून त्याच्या मागच्याच रांगेत बसले, कारण मला त्याची मान बघायची होती.

तुम्ही आत आलात. पडद्याखाली अक्षरं आली: जय भीम. आणि रॉन ओरडला, "हू इज जिम?" हॉलमध्ये क्षणभर कुणालाच काही कळेना. मग कुठूनतरी एक बाई हसली. मग सगळे हसले, पण या वेळी मूर्ख वेगळा होता. "जिम असेल तुझा बाप"ला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोंड धुण्याच्या वाक्याला माझ्या शेजारचे गृहस्थ रुमाल तोंडात कोंबून बसले. समोर रॉनची मान लाल होत गेली, कानापर्यंत. मला मजा आली. खोटं कशाला बोलू, फार मजा आली. इतक्या वर्षांत खाल्लेल्या "हाय जिम"चा घास त्या दिवशी मला पचला.

खान आणि टिळ्याच्या वाक्याला हसणं जरा कमी झालं. शेवटचा भाग आला, तुम्ही दारात ताठ उभे राहून तुमचं नाव सांगितलंत, आणि पडद्यातले प्रेक्षक खो खो हसत होते तेव्हा हॉलमध्ये कुणीही हसलं नाही. सगळे वाचत होते.

बाहेर कॉफीच्या टेबलापाशी तो माझ्यासाठी थांबला होता.

"इतकी वर्षं," तो म्हणाला, "तो मला हे बोलत होता?"

"हो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही. यू कुड हॅव टोल्ड मी."

"यू कुड हॅव आस्क्ड," मी म्हणाले.

त्याचे डोळे भरून आले. खरे की खोटे ते मला सांगता येत नाही, तोही नटच. म्हणाला, मला वाटायचं आम्ही मित्र आहोत. म्हणाला, मी वाईट माणूस नाही. मग काठी दुसऱ्या हातात घेऊन त्याने उजवा हात पुढे केला. "मिसेस तांबे, आय अ‍ॅम सॉरी. मला माफ कराल?"

आपलं आडनाव त्याने बरोबर उच्चारलं. नुकतंच वाचलं होतं ना.

अहो, तुम्ही असतात तर त्याला खुर्ची आणून दिली असतीत. कॉफीत साखर किती, विचारलं असतंत, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मोकळं केलं असतंत. मला ते माहीत आहे. त्यालाही माहीत होतं, म्हणून तर तो तिथे उभा होता. हात तसाच पुढे होता, आणि आजूबाजूचे लोक कप हातात धरून माझ्याकडे बघत होते.

"माफ करणं हे माझ्या नवऱ्याचं डिपार्टमेंट होतं," मी म्हणाले. "ही इज डेड."

ताराने माझा कोट धरला. मी हात घातले, बटणं लावली, आणि आम्ही दोघी बसस्टॉपकडे निघालो.